न टिपलेल्या फ्रेमची बखर

॥ श्री ॥ जे डोळ्यांस दिसते त्यास नमस्कार, जे दिसत नाही त्यास दोन नमस्कार, आणि जे नसता दाखविले जाते त्यापासून लेकराबाळांचे रक्षण व्हावे ऐसे मागोन लेखनास आरंभ केला असे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, चैत्र मासी एके राज्यी जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर उद्या माणसे दारी येऊन उभी राहतील आणि आम्हांस आता ती धावपळ सोसवत नाही. लिहिणारा कोण हेही पुसो नये. त्या राज्यी आम्ही कॅमेऱ्यावर चाकरीस होतो आणि लहानथोर सर्व आम्हांस मामा म्हणत, इतके पुरे.

राज्य म्हणावे तर एस.टी. स्टँडासमोर वरचे मजल्यावर तीन खोल्या. पहिलीत गिऱ्हाईक बसे, दुसरीत संगणकखाना, तिसरीत दिवे, तिपाया, छत्र्या आणि कोणी न्यावयास न आलेले लग्नाचे अल्बम. धनी श्रीमंत दिनकरराव, मिशा भरघोस, स्वभाव तापट, मन थोर, आणि अंमल सत्तावीस गावांवर. लग्ने, बारशी, डोहाळजेवणे ही किरकोळ मुलूखगिरी. खरी सत्ता बैलगाडा शर्यतींची. मैदानी रावांचा मोठा पडदा उभा राही, आणि कोणती गाडी निशाणास आधी लागली ऐसा तंटा पडला की पंच म्हणत, "पडदा बघा," आणि पडदा दाखवील तो निकाल. पंचांस लोकांनी शिव्या दिधल्या, एकदा चपलाही फेकिल्या, परंतु पडद्यास उलट कोणी बोलिले नाही. ऐसा दरारा होता आणि राव त्या दराऱ्यावर जेवत, झोपत आणि मिशा पिळत.

ऐसियास पलीकडले तालुक्यातील राज्याने संथगतीचे चित्र दाखविले. बैल हवेत तरंगतो, तोंडचा फेस थेंब थेंब उडतो, धूळ कापसासारखी उठते. ते मोबाइलवर पाहोन रावांचे अन्न गोड लागेना. आम्हांस हाक मारून बोलिले, "मामा, त्यांचा बैल बघा आणि आपला बघा. आपला पळतोय का हिसके खातोय?" आम्ही म्हटले, बैल तोच आहे साहेब, त्यांनी प्लगइन घातले आहे. आता प्लगइन म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक नाही त्यांचेसाठी लिहितो, की चित्रे जोडावयाचे जे मोठे सॉफ्टवेअर असते त्याचे अंगी सर्व विद्या नसतात, मग बाहेरील कोणी एखादी विद्या लहानशा पुडीत बांधोन देतो आणि ती पुडी आत जोडली की सॉफ्टवेअर ते काम करू लागते. रावांची आज्ञा जाहली की आठ दिवसांत ती पुडी शोधोन हुजूर दाखल करावी. आज्ञा करणारास आठ दिवस सांगावयास काय जाते!

शोध करणे संगणकखान्याकडे, आणि त्या खात्याच्या कारभारीण आश्लेषा कुंभार, वय सव्वीस, इंजिनियर, शहरी दोन वर्षे नोकरी करून तेथील साहेबाशी भांडोन परत आलेल्या. काम चोख आणि जीभ त्याहून चोख. त्यांनी इंटरनेट धुंडाळून पहिले प्लगइन आणिले, ते चाले उत्तम, परंतु करणाराचे नाव ठळक अक्षरी नवरीचे कपाळावर आडवे उमटे. मग दुसरे आणिले, ते तीस दिवस सुखे नांदले आणि एकतिसावे दिवशी ऐन हळदीचे चित्रात मरण पावले. मग तिसरे, त्याने आमचे सॉफ्टवेअर जुने आहे ऐसे म्हणोन आत पाऊलच टाकिले नाही. मग चौथे फुकट म्हणोन राव स्वतःच उतरवून बसले, आणि त्याचे पोटातून ऐसा काही रोग निघाला की दोन संगणक आडवे पडले आणि आश्लेषाबाई पाच दिवस ते पुसत, झाडत, बडबडत बसल्या. शेवटी त्या उठोन बोलिल्या, "साहेब, फुकटचं शोधण्यात जेवढा जन्म चालला तेवढ्यात माझं मीच लिहिते. फक्त आठ दिवसांनी झालं का, झालं का, असं विचारायचं नाही." राव म्हणाले बरे, आणि दुसरे दिवशीच विचारिले.

मग बाईंनी सॉफ्टवेअर करणारांचे कागद वाचिले, त्यात बाहेरील पुडीने आत कसे यावे, कोठे बसावे, काय मागावे हे सर्व कायदे होते. त्याप्रमाणे लिहिले आणि जोडिले आणि सॉफ्टवेअर बंद पडले. पुन्हा जोडिले आणि पुन्हा पडले. एक्केचाळीस वेळा पडले. आम्ही भिंतीवर रेघा ओढून मोजिले. बेचाळिसावे वेळी चालले, परंतु छताचा पंखा लाविला तो पिठल्यासारखा गिजबिज दिसो लागला. मग रावांस खोलीतून चालावयास लाविले, तो पडद्यावर रावांस तीन पाय. राव संतापले, "हा तिसरा पाय कुणाचा?" बाई म्हणाल्या, "तुमचाच, साहेब. पण कॅमेऱ्यानं टिपलेला नाही, यानं काढलेला." आणि मग सर्वांस समजाविले की कॅमेरा सेकंदास पन्नास चित्रे टिपतो, एकेका चित्रास फ्रेम म्हणतात; प्लगइन दोन खऱ्या फ्रेमांकडे पाहोन मधे काय जाहले असेल याचा अंदाज करिते आणि नव्या फ्रेम रंगवून घालिते, म्हणोन चाल संथ दिसते. दीड महिना त्या तिसऱ्या पायाशी झुंजल्या. अखेरीस पाय गेला, पंखा निवळला, आणि एके नवरीच्या डोईवरून अक्षता ऐशा उतरल्या की तिच्या आईने खुर्चीत बसोन पदर डोळ्यांस लाविला. रावांनी पेढे वाटिले. बाईंनी पेढा हाती घेऊन सांगितले, "एक ऐका. लग्नाला वापरा, यात्रेला वापरा. शर्यतीच्या निकालाला वापरायचं नाही. ते अंदाज करतं, साक्ष देत नाही." राव तोंडात पेढा असता हो हो म्हणाले.

आता जे लिहावयाचे ते आमचेच हाताने आमचेच तोंडास काळे लावणे आहे, परंतु लिहितो. चैत्र वद्य पक्षी यात्रेचे मैदान होते. सकाळपासून गटांच्या फेऱ्या टिपोन कार्ड भरत आले, दुसरे कार्ड आम्ही एका हळदीस देऊन बसलो होतो. अंतिम फेरीस जागा पुरेना. मग आम्ही काय केले, तर कॅमेरा पन्नासावरून पंचवीसावर आणिला, म्हणजे निम्मी चित्रे, निम्मी जागा, आणि कोणास बोलिलो नाही. मनात म्हटले, एवढ्याने काय होते? लग्नात तीस वर्षे पंचवीसावरच टिपीत आलो, कोणाचे लग्न मोडिले नाही. हीच ती अक्कल.

अंतिम फेरीस पाच गाड्या होत्या, परंतु पाहणारांचे डोळे दोहोंवर, एक नवाब बैलाची आणि दुसरी हौशा बैलाची. नवाबाचे धनी मोठे आसामी, त्यांचे गोठ्यास पंखे. हौशाचे धनी गणूबा मदने, टेंपो चालवीत. तीन दिवसांचे वासरू आणोन बाटलीने दूध पाजून वाढविलेला तो बैल, आणि गाडी हाकावयास गणूबांचा धाकटा पाठचा भाऊ संपत. मुलुखात म्हणत की हौशा दोघांचेच ऐकतो, गणूबांचे दावणीस आणि संपतचे मैदानी. निशाण पडले, गाड्या सुटल्या, धुळीचा लोट उठला, आणि दोन्ही गाड्या खांद्यास खांदा लावून आमचे समोरून ऐशा गेल्या की निशाणाचे पंच एक हात वर करावा की दुसरा हे न कळोन दोन्ही करून उभे राहिले. एकच कालवा जाहला. पंच ओरडले, "पडदा बघा!" आणि चार हजार माणसे पडद्याकडे वळली.

पडद्यावर एक फ्रेम आली, त्यात नवाब चार बोटे पुढे, आणि दोन्ही बैल रेषेच्या अलीकडे. पुढील फ्रेम आली, त्यात हौशा वीतभर पुढे, आणि दोन्ही बैल रेषेच्या पलीकडे. मधे काहीच नाही. लोक ओरडो लागले, "संथ करा, संथ!" आश्लेषाबाई त्या दिवशी मैदानी नव्हत्या. रावांनी एकदा चार हजार तोंडांकडे पाहिले आणि प्लगइन लाविले. मग मधली फ्रेम उगवली, तीत नवाबाचे नाक रेषेवर, हौशाचे मागे. आणि त्याहून वाईट ते हे की संपतचा हात मागे आणि कासरा ताठ, जणू ऐन रेषेवर बैल ओढून धरिला. मग कोणी बोलिला, "वढला की रं त्यानं!" आणि दुसरा बोलिला, "इकला गेला," आणि तो शब्द एका दमात मैदानाचे टोकास पोहोचला. गणूबा पागोट्याचा शेव तोंडास धरून पडद्याकडे पाहात होते. मग गाडीपाशी गेले आणि विचारिले, "संपत, कासरा वढलास?" संपत धुळीने माखलेला, धापा टाकीत बोलिला, "न्हाई दादा. ढिला सोडला हुता. हौशाची आन." गणूबांनी पडद्याकडे बोट केले. "मग त्यो काय दिसतोय?" संपतने पाहिले आणि त्याचे तोंड उघडेच राहिले, कारण पडद्यावर तोच होता आणि हात त्याचाच होता. गणूबा म्हणाले, "आता घरला यिऊ नगं." आणि बैल सोडोन निघाले. जिंकणाराची मानाची गदा नवाबाकडे गेली, हलगी वाजली, आम्ही तिपाई मिटोन पिशवीत भरली.

सांज व्हावयाचे आत ती फ्रेम सत्तावीस गावांचे मोबाइली गेली. खाली लाल अक्षरी कोणी लिहिले, ओळखा हा कोण. संपतची पुढली तीन मैदाने ठरली होती, दुसरे दिवशी तिन्ही धन्यांचे निरोप आले की आमचे आम्ही बघतो. चवथे दिवशी तो बायकोस घेऊन सासुरवाडीस गेला आणि विहिरीच्या यारीवर, म्हणजे खोदकामाचे दगड वर खेचावयाचे यंत्रावर, कामास लागला. इकडे हौशाने दोन दिवस वैरणीस तोंड लाविले नाही, ऐसे लोक म्हणत. आम्ही पाहिले नाही, म्हणोन खरे खोटे ते जाणोत.

पाचवे दिवशी सकाळी आश्लेषाबाई जिना चढोन आल्या त्या थेट आमचेसमोर मोबाइल धरून. "मामा, या हाताची बोटं मोजा." आम्ही मोजिली, सहा भरली. त्या म्हणाल्या, "कॅमेरा कितीवर होता?" आम्ही म्हटले, "पन्नास." त्यांनी मोबाइल आमचे नाकापाशी आणिला. त्यापेक्षा थोबाडीत देत्या तर बरे होते. मग आम्ही म्हटले, "पंचवीस." त्या स्टुलावर बसल्या आणि बोलिल्या, "सहावं बोट माझं आहे, मामा. मी त्या माणसाला लावलं." आम्ही म्हटले बाई, तुम्ही कशाला, आम्ही कार्डाचा लोभ केला. त्या म्हणाल्या, "आता वाटणी करत बसायचंय का? मूळ फायली कुठायत?" फायली आम्हांजवळ होत्या. रावांनी पुसावयास सांगितल्या होत्या आणि आम्ही पुसल्या म्हणोन सांगोन पुसल्या नव्हत्या. का नव्हत्या, ते आजही नीट सांगता येत नाही. बोट कळीवर गेले की मन मागे येई.

त्या उठोन रावांकडे गेल्या आणि सर्व उलगडोन सांगितले, की दोन्ही खऱ्या फ्रेमांत संपतचा हात पुढे आहे आणि कासरा ढिला आहे. पलीकडील गाडीवानाने हात उगारिला होता, तो धुळीतून प्लगइनने संपतचे खांद्यास चिकटविला. राव पहिल्याने हसले, मग चिडले, मग दार लोटोन घेतले. "आश्लेषा, तुला कळतंय का? पडदा एकदा खोटा ठरला की दहा वर्षांचे निकाल उकरून काढतील. सत्तावीस गावं माझ्या अंगावर येतील." बाई म्हणाल्या, "आणि तो माणूस, साहेब?" राव म्हणाले, "लोक विसरतात." बाई म्हणाल्या, "त्याचा भाऊ विसरेल का?" त्या दिवसापासून राज्यी कोणास सुख नव्हते. राव येत आणि न बसता परत जात. बाई एक ओळ लिहीत आणि दोन खोडीत. आम्ही चहा करून ठेवीत असो आणि तो निवोन जाई, मग पुन्हा करीत असो. दर फोन वाजला की तिघेही दचकत. काम चाले, लग्ने लागत, परंतु कोणी नवरा हात हलविता दिसला तरी आमचे डोळे त्याची बोटे मोजीत.

दहावे दिवशी बाईंनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "मी गणूकाकांकडे चालले. तुम्ही यायचं तर या." आम्ही चप्पल घातली. गणूबा गोठ्यात हौशाचे अंग खरारत होते. बाईंनी गव्हाणीवर लॅपटॉप ठेविला आणि पहिली खरी फ्रेम दाखविली, मग दुसरी, आणि मग मधली सहा बोटांची, आणि म्हणाल्या, "काका, ही मी केलेली आहे. कॅमेऱ्यानं टिपलीच नाही." गणूबांनी मान पुढे केली, पहिली पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली पाहिली. "मग मधी काय झालं?" "कुणालाच ठाऊक नाही, काका. कोण आधी आलं ते देवाला माहीत. पण कासरा ओढला नाही हे नक्की. एवढ्या वेळात ओढून सोडणं माणसाच्या हातानं होत नाही. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो." गणूबांचे हातचा खरारा खाली पडला. बैलाचे पाठीस टेकोन उभे राहिले आणि बोलिले, "सख्ख्या भावानं आन घिऊन सांगितलं, ते मी ऐकलं न्हाई. पडद्याला इचारलं." आम्ही हात जोडून म्हटले की चूक आमची आहे, आम्हांस काय ते बोला. ते म्हणाले, "तुमास्नी काय बोलू, मामा? तुमी कॅमेरा लावला. मी डोळं मिटलं."

मग ते तसेच, पायांस शेण लागलेले, आमचेबरोबर एस.टी. स्टँडापाशी आले, जिना चढले आणि रावांसमोर उभे राहोन एवढेच बोलिले, "सायेब, गदा ऱ्हाऊ द्या त्यांच्याकडं. माझा भाऊ मला द्या." राव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मिशीचा हात मिशीतच राहिला. मग वळोन आम्हांवर ओरडले, "बघताय काय, मामा? पडदा बाहेर काढा!" आमचे राव तापट खरे, परंतु त्या दिवशी त्या ओरडण्याचे आम्हांस रडू आले.

रविवारी त्याच मैदानी तोच पडदा उभा राहिला. पंच आले, नवाबाचे धनी आले, चार हजार नव्हे परंतु हजार बाराशे माणसे आली, आणि संपतला गणूबांनी त्याचे मेव्हण्याकरवी बोलावून घेतले होते, तो एका बाजूस लिंबाखाली उभा होता, हातांस दगडांचे ओरखडे. रावांनी स्वतः माईक धरिला. पहिली खरी फ्रेम लाविली, मग पडदा काळा केला, मग दुसरी लाविली. म्हणाले, "हे दोन टिपलेत. मधलं काळं आहे, ते कुणी टिपलं नाही. त्या दिवशी मी तिथं जे दाखवलं ते यंत्राचं मन होतं, संपतचा हात नव्हता. मी घाई केली. संपत मदने, तुझी माफी मागतो." आम्हीही उठोन कॅमेऱ्याचा गुन्हा कबूल केला. बाईंनी सहा बोटे मोठी करून दाखविली तेव्हां लोकांत कुजबूज जाहली आणि ज्यांनी लाल अक्षरे पुढे धाडिली होती ते मोबाइल खिशात घालो लागले. पंचांनी निकाल फिरविला, की दोन्ही गाड्या बरोबर, गदा देवळात राहील. टाळ्या जाहल्या. कोणी संपतला खांद्यावर घ्या म्हणाले, परंतु तो पुढे आला नाही.

गणूबा गर्दी सारीत लिंबाखाली गेले. भावाचे दंडास धरिले, सोडिले, पुन्हा धरिले. म्हणाले, "संपत, आरं, बोल की काय तरी."

संपत म्हणाला, "त्या दिशी बोललो हुतो, दादा."

आणि हळूच दंड सोडवून घेऊन यारीचे गावची एस.टी. धरावयास निघोन गेला.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. संक्षेपे इतकेच, की रावांचे राज्य बुडाले नाही; दोन गावे तुटली, पंचवीस राहिली. आश्लेषाबाईंनी प्लगइन फिरविले, आता ते केलेल्या फ्रेमवर ठळक अक्षरी 'अंदाज' लिहिते, आणि नवरीकडील लोक कुरकुर करितात तरी त्या काढीत नाहीत. आम्ही कॅमेरा सोडिला. शके १९४७चे यात्रेस प्रेक्षकांत उभे होतो. संपत परक्याची गाडी हाकीत होता. गणूबा निशाणापाशी, पडद्याकडे पाठ करून, बैलांकडे नव्हे, भावाचे हाताकडे पाहात उभे होते. गाडी समोरून गेली. संपतने वळोन पाहिले नाही.